पक्के चिकटवू नका!

गोव्यातल्या जुन्या वस्तूंचे नुकसान कोणी केले, असे विचारले की आपली उत्तरे ठरलेली असतात. पाऊस, वाळवी, चोर, पोर्तुगीज आणि सरकार. ही सगळी नावे बरोबरच आहेत. पण या यादीत एक नाव कोणी घालत नाही, ते मी आज घालणार आहे. ते नाव आहे ‘पक्के काम’.

तुटलेली वस्तू जोडून झाली की जोडणारा छाती फुगवून सांगतो, "आता जन्मात सुटायचे नाही!" आणि ऐकणारा समाधानाने मान डोलावतो. माझे म्हणणे असे आहे की जुन्या वस्तूच्या बाबतीत हे वाक्य म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. जो जोड कधीच सुटणार नाही, तो जोड चुकीचा आहे.

रागावू नका, सविस्तर सांगतो.

एका देवस्थानात (नाव मुद्दामच घेत नाही) लाकडी द्वारपालाचा हात निखळला होता. जुन्या कारागिराने तो हात खुंटीवर बसवलेला. खुंटी कुजली, हात सुटला. नवी खुंटी घालून हात बसवणे हे एखाद्या जाणत्या सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम. पण जीर्णोद्धाराचे कंत्राट निघाले होते, तेव्हा कंत्राटदाराने दोन नळ्यांतला इपॉक्सी कालवला आणि खांद्यात भरभरून ओतला. झाले पक्के! पुढच्या दोन पावसाळ्यांत लाकूड फुगले, दोन उन्हाळ्यांत आकसले. इपॉक्सी मात्र दगडासारखा जागच्या जागी. जोड आजही शाबूत आहे. तडा गेला आहे तो जोडाच्या शेजारी, थेट छातीपर्यंत. आता तो हात काढायचा तर खांदा फोडावा लागेल.

दुसरे उदाहरण घरातले. आपल्या जुन्या घरांत चिनी मातीच्या बश्या असतात, लोणच्याची बुयांवे असतात. त्यातली एखादी चवथीच्या साफसफाईत पडते आणि तिचे सात-आठ तुकडे होतात. घरातला उत्साही मुलगा झटपट चिकटणारा गोंद घेऊन बसतो. पहिला तुकडा केसभर वाकडा बसतो. गोंद क्षणात धरतो, त्यामुळे सरकवता येत नाही. दुसरा तुकडा त्या वाकड्या तुकड्याला जोडला जातो, तिसरा दुसऱ्याला. शेवटचा तुकडा जागेवर बसतच नाही! मग कानस येते. आजीच्या आजीने जपलेल्या बशीची कड कानशीने घासून ‘बसवली’ जाते.

आता यात गोंदाचा काय दोष? काही नाही. फेविकॉल सुतारकामाला उत्तम आहे. इपॉक्सीने पाण्याची टाकी जोडावी, स्कूटरचे मडगार्ड जोडावे. ही सगळी द्रव्ये ज्या कामासाठी केली आहेत ते काम ती चोख करतात. दोष आपला आहे. स्कूटरचे मडगार्ड आणि दोनशे वर्षांची मूर्ती यांतला फरक आपल्याला कळत नाही.

फरक काय, तो तीन वाक्यांत सांगता येईल. पहिले, जोड वस्तूपेक्षा थोडा दुबळा हवा. म्हणजे पुन्हा धक्का बसला तर जोड सुटेल, वस्तू नव्या ठिकाणी फुटणार नाही. दुसरे, जोड पुन्हा सोडवता आला पाहिजे. कारण आज जोडणारा चुकू शकतो आणि उद्या त्याच्यापेक्षा जाणता माणूस येऊ शकतो. तिसरे, काय लावले आणि कधी लावले याची नोंद हवी. जगभरच्या संग्रहालयांतून जुन्या वस्तूंचे जतन करणारे लोक ज्या नियमांवर चालतात त्यांचा गाभा एवढाच आहे.

मी सरकारी कचेरीतला कारकून. कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी संबंध शाळेतच संपला. तेव्हा ‘याला यातले काय कळते?’ असे काही वाचकांना वाटणारच. पण कचेरीत पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच या विद्येचेही मूळ आहे, हे वाचत गेलो तसे लक्षात आले. सेवापुस्तिकेत नोंद चुकली तर ती खरवडायची नसते, तिच्यावर व्हाइटनर फासायचा नसतो. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर नोंद करायची, सही करायची, तारीख घालायची. कारण आज जे मी बरोबर म्हणून लिहितो आहे ते उद्या चूक ठरू शकते, आणि तेव्हा मूळ अक्षर शाबूत असले पाहिजे. इपॉक्सी म्हणजे जुन्या मूर्तीवर फासलेला व्हाइटनर! माझ्या सेवापुस्तिकेला जी शिस्त लावली आहे ती आमच्या द्वारपालाला का नाही?

हा अडाणीपणा फक्त आपलाच आहे असे समजू नका. तेव्हा कैरोच्या इजिप्शियन संग्रहालयात असलेल्या तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची गोष्ट जगाने वाचली. ऑगस्ट २०१४ मध्ये त्या मुखवट्याची दाढी निखळली. घाईघाईने ती इपॉक्सीने चिकटवली गेली. गोंद बाहेर आला, तो खरवडताना चरे पडले. जानेवारी २०१५ मध्ये प्रकरण बाहेर फुटले. मग जर्मन आणि इजिप्शियन तज्ज्ञांनी मिळून तो इपॉक्सी लाकडी हत्यारांनी हळूहळू काढला आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुखवटा पुन्हा लोकांसमोर आला. दाढी पुन्हा बसवली ती कशाने? मधमाशीच्या मेणाने! जानेवारी २०१६ मध्ये संग्रहालयाच्या आठ कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. इथे कोणाला साधी नोटीस तरी मिळाली आहे का?

याच्या उलट दुसरी गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तुल्लिओ लोम्बार्दो या शिल्पकाराचा पुरुषभर उंचीचा संगमरवरी ‘आदाम’ होता. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याच्या खालचा चौथरा ढासळला आणि पुतळ्याचे अठ्ठावीस मोठे आणि शेकडो लहान तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी कोणी बादलीभर सिमेंट कालवले नाही. कोणता तुकडा कुठे पडला आहे याची आधी नोंद केली. कोणता गोंद किती भार पेलतो, कुठे खिळी लागेल, कुठे लागणार नाही, याचे प्रयोग केले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, आदाम पुन्हा उभा राहिला. मोजक्या ठिकाणी काचतंतूच्या खिळ्या घातल्या, आणि बहुतेक जोड अशा अ‍ॅक्रिलिक राळेने केले की उद्या वाटल्यास ते सोडवता येतील. शेकडो किलोचा पुतळा, आणि जोड सुटणारे! ‘सुटणारा जोड म्हणजे कच्चा जोड’ असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता या राळेविषयी. हिचे नाव पॅरालॉइड बी-७२. ही कोणी संग्रहालयांसाठी शोधलेली नाही. अमेरिकेतील रोम अँड हास कंपनीने (ही कंपनी २००९ मध्ये डाऊने घेतली) रंग, शाई आणि लेपांच्या धंद्यासाठी ती काढली. एथिल मेथाक्रिलेट आणि मेथिल अ‍ॅक्रिलेट या दोन रसायनांच्या लांब साखळ्यांची ती बनलेली असते. पिट्सबर्गच्या मेलन संस्थेत रॉबर्ट फेलर यांनी अनेक वर्षे अशा राळांवर प्रखर प्रकाश टाकून त्या किती पिवळ्या पडतात, किती काळ विरघळत राहतात, हे तपासले. बी-७२ शंभर वर्षांहून अधिक टिकणाऱ्यांच्या वर्गात बसली. पुढे १९८६ मध्ये स्टीफन कूब यांनी तिचा गोंद कसा करावा आणि फुटलेली मातीची भांडी त्याने कशी जोडावीत यावर लेख लिहिला. आज जगभरच्या संग्रहालयांत मातीची भांडी, काच, हाडे यांच्यासाठी ती रोजच्या वापरात आहे.

तिच्यात विशेष काय? साखर पाण्यात विरघळते. पाणी आटले की मागे साखरच उरते. पुन्हा पाणी घाला, पुन्हा विरघळते. बी-७२ चे तसेच आहे, फक्त पाण्याच्या जागी अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन उडून गेला की राळ घट्ट होते आणि तुकडे धरून ठेवते. पन्नास वर्षांनी अ‍ॅसिटोनचा बोळा लावा, जोड सुटतो. इपॉक्सीचे सान्नांसारखे आहे. एकदा उकडले की त्याचे पुन्हा पीठ होत नाही!

कृती अवघड नाही. राळ साबुदाण्याहून जरा मोठ्या, खडीसाखरेसारख्या पारदर्शक दाण्यांच्या रूपात मिळते. पन्नास ग्रॅम राळ आणि पन्नास ग्रॅम अ‍ॅसिटोन वजनाने घ्यायचे (अ‍ॅसिटोन पाण्याहून हलका, म्हणून पन्नास ग्रॅम म्हणजे सुमारे ६३ मिलिलिटर). दाणे थेट बाटलीत टाकले तर तळाशी त्यांचा एकच गोळा होऊन बसतो. म्हणून मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ती पुरचुंडी काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये लोंबकळत सोडायची, झाकण घट्ट लावायचे आणि रात्रभर ठेवायचे. विरघळलेली राळ जड, ती खाली उतरत जाते आणि ताजा अ‍ॅसिटोन दाण्यांना भिडत राहतो. सकाळी काकवीसारखा दाट, स्वच्छ गोंद तयार. तो धातूच्या रिकाम्या नळीत भरतात, म्हणजे हवा तेवढाच बाहेर येतो. भुसभुशीत मातीच्या भांड्याच्या कडांना आधी पाच टक्क्यांचे पातळ द्रावण (५ ग्रॅम राळ, ९५ ग्रॅम अ‍ॅसिटोन) पाजतात, म्हणजे त्या कडा घट्ट होतात.

जोडण्याआधी सगळे तुकडे गोंदाशिवाय एकदा लावून पाहायचे आणि क्रम ठरवून त्यांवर चिठ्ठ्या ठेवायच्या. मग गोंद एकाच कडेला, बारीक रेघेत. तुकडा दाबून धरायचा आणि परातीत वाळू घेऊन तीत असा टेकवायचा की जोडावर भार पडणार नाही. चुकला तर अ‍ॅसिटोन लावून सोडवायचा. कानस कशाला लागते? बाहेर आलेला गोंद रबरासारखा झाला की दात कोरायच्या काडीने उचलता येतो. जोड हाताला घट्ट लागला तरी आतला अ‍ॅसिटोन पुरता जायला काही दिवस लागतात, तोवर वस्तूला हात लावू नये. आणि असे जोडलेले भांडे शोभेचे. त्यात लोणचे घालू नये, चहा पिऊ नये.

एवढे वाचून काही वाचक लगेच अ‍ॅसिटोन आणायला निघतील. त्यांना आता थांबवतो. ‘पक्के’वाल्यांवर माझा जेवढा राग आहे तेवढाच अर्धवट वाचून स्वयंपाकघरात प्रयोगशाळा उघडणाऱ्यांवर आहे.

अ‍ॅसिटोन म्हणजे नखांचे रंग काढायचे पाणी, त्यात काय भ्यायचे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शून्याखाली सुमारे वीस अंशांवरही त्याची वाफ पेट घेऊ शकते; आपल्याकडे तर मे महिन्यात तेहेतीस-चौतीस असते. ती वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत पलीकडच्या खोलीतल्या समईपर्यंत, गॅसपर्यंत पोचते. म्हणून काम करताना घरात समई, उदबत्ती, गॅस, विडी काही नको; जवळचे विजेचे बटण दाबणेही नको. उरलेली बाटली फ्रिजमध्ये तर मुळीच नको, फ्रिजच्या आत ठिणगी पडू शकते. थर्माकोलच्या कपात अ‍ॅसिटोन घेतला तर कपच विरघळतो. भांडे काचेचेच हवे. शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्याला काय म्हणावे? घरात मुले असतात हो! बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पाहिजेच.

काम करायचे ते व्हरांड्यात किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत, वारा आपल्या मागून वस्तूकडे जाईल असे बसून. कोविडच्या काळात घरात साठलेले कापडी आणि शस्त्रक्रियेचे मास्क वाफेपुढे शून्य. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा वेगळा मिळतो. डॉक्टरांचे निळे पातळ नायट्राइल मोजे अ‍ॅसिटोनमध्ये थोड्याच वेळात निकामी होतात. ब्यूटाइल रबराचे मोजे टिकतात. डोळ्यात उडाले तर चोळू नये, पंधरा मिनिटे पाण्याची धार धरावी आणि डॉक्टर गाठावा. भिजलेले बोळे घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत, बाहेर मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, सुकू द्यावेत. राळ टोल्युइन किंवा झायलीनमध्येही विरघळते, पण टोल्युइन मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम करतो. ते घरी आणायचे नाव काढू नका. गरोदर बाईने तर त्याच्या वासालाही थांबू नये.

आणि इथे माझी खरी तक्रार येते. हे नियम पुस्तकात आहेत, पण काम करतो कोण? आपल्याकडे मूर्तीला लेप देणारा, लाकडाला रसायन पाजणारा माणूस रोजंदारीवरचा असतो. बंद गाभाऱ्यात, एकच दरवाजा, बाजूला नंदादीप तेवतो आहे, आणि हा पोरगा थिनरचा डबा उघडून बसला आहे, असे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोके दुखते म्हणाला तर मुकादम सांगतो, बाहेर जाऊन चहा पिऊन ये. निविदेत संगमरवराच्या फरशीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. माणसाच्या फुप्फुसासाठी एक ओळ नसते. मूर्तीचे आयुष्य वाढवायला निघालेल्यांनी मूर्ती जोडणाऱ्याचे आयुष्य कमी करायचे, हा कुठला धर्म?

आता माझ्यावर येणारे आक्षेप मीच मांडतो.

पहिला आक्षेप परंपरेचा. वज्रलेप ही आपलीच विद्या, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिची कृती आहे, मग परदेशी राळ कशाला? कृती आहे हे खरे. पण ती काय आहे ते एकदा पाहावे. कवठ, टेंभुर्णी, सावरीची फुले अशा वनस्पतींचा काढा आठवा भाग उरेपर्यंत आटवायचा आणि त्यात झाडांच्या राळा आणि गुग्गुळ मिसळायचा. त्यात इपॉक्सी कुठे आहे? डबा कारखान्याचा आणि नाव वराहमिहिराचे, ही परंपरा नव्हे, ही जाहिरात झाली. २०१५ मध्ये कोल्हापूरच्या अंबाबाईच्या आणि २०२० मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मूर्तीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी संवर्धनाचे काम केले. आपल्या गोव्यातून तिथे जाणारे भाविक किती आहेत! त्या बातम्यांतून ‘वज्रलेप’ हा शब्द घरोघरी पोचला. त्यामागे तज्ज्ञ लागतात ही गोष्ट मात्र पोचली नाही. नित्य अभिषेक होणाऱ्या मूर्तीचा प्रश्न वेगळाच आहे. तिथे दूध, पाणी, तूप, दिव्याची उष्णता आणि धर्मशास्त्र, सगळ्यांचा विचार लागतो. बी-७२ हा त्यावरचा सरसकट उपाय नाही, आणि इपॉक्सी तर नाहीच नाही.

दुसरा आक्षेप आपल्या हवेचा. हा मला मान्य आहे, आणि म्हणूनच तज्ज्ञ हवा असे मी म्हणतो. अ‍ॅसिटोन इतक्या वेगाने उडतो की जागा गार पडते. जुलैतल्या आपल्या दमट हवेतली वाफ तिथे धरते आणि राळ पांढुरकी होते. म्हणून जोडकाम पावसाळ्यात करू नये, करायचेच तर हवा कोरडी केलेल्या खोलीत. दुसरी अडचण उष्णतेची. बी-७२ सुमारे ४० अंशांपाशी मऊ पडू लागते. सावलीत आपल्याकडे पारा क्वचितच तिथवर जातो, पण उन्हात ठेवलेले काचेचे बंद कपाट, पत्र्याखालची खोली, उभी करून ठेवलेली मोटार यांत सहज जातो, आणि मग भार असलेला जोड हळूहळू सरकतो. यावरही उपाय आहे. पॅरालॉइडमध्येच बी-४८एन नावाची राळ सुमारे ५० अंशांपर्यंत आणि बी-४४ सुमारे ६० अंशांपर्यंत टिकते. त्या मिसळूनही वापरतात. मघाशी सांगितलेल्या आदामाच्या जोडांतही बी-७२ आणि बी-४८एन यांचे मिश्रण होते. मुद्दा असा की कुठे काय वापरायचे याला विचार लागतो. एकच डबा सगळीकडे ओतणे याला विचार लागत नाही, म्हणूनच ते आपल्याला आवडते.

तिसरा आक्षेप पैशांचा. ‘एवढे परवडणार कोणाला?’ देवळाला सोन्याचा कळस परवडतो, कमानीवर विजेची रोषणाई परवडते, जुने लाकडी खांब काढून ग्रॅनाइट परवडतो, आणि शंभर ग्रॅम राळ आणि जाणत्या माणसाचा दोन दिवसांचा मुशाहिरा परवडत नाही? लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, केंद्र सरकारची. तिथे प्रशिक्षण मिळते. इथल्या ख्रिस्ती बांधवांनी राशोल सेमिनरीत १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उभे केले, २००२ मध्ये ते जुन्या गोव्याच्या सांता मोनिकात नेले, पोर्तुगालच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानची आणि इंटॅकची मदत घेतली. हस्तिदंताच्या, लाकडाच्या किती वस्तू तिथे नीट राहिल्या आहेत ते जाऊन पाहा. आपल्या देवस्थानांकडे श्रद्धा कमी आहे की पैसा कमी आहे? दोन्ही नाही. कमी आहे ती फक्त विचारण्याची सवय.

चौथा आक्षेप सगळ्यात जुना. ‘मोडलेली वस्तू ठेवायची कशाला? खंडित मूर्ती पूजेत चालत नाही, विसर्जन करावे.’ पूजेत नाही चालत, कबूल. पण पूजेतून काढणे आणि जगातून काढणे यांत अंतर आहे. त्या मूर्तीच्या पाठीवर कारागिराच्या छिन्नीची खूण असते, रंगाचे सहा थर असतात, कधी दात्याचे नाव असते. शंभर वर्षांवरील अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, हेही लक्षात असू द्यावे. ती नदीत गेली की गावाच्या इतिहासातले एक पान गेले.

म्हणून वाचकहो, मागणी साधी आहे. वस्तू फुटली तर पहिल्या दिवशी काहीही लावू नका. गोंद नाही, पट्टी नाही, सिमेंट नाही. सगळे तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, गोळा करा, मऊ कागदात वेगवेगळे गुंडाळा, खोक्यात ठेवा, वर तारीख घाला. फोटो काढा, मोबाइल आता सगळ्यांकडे आहे. तुकडे खोक्यात दहा वर्षे राहिले तरी बिघडत नाही. चुकीच्या गोंदात एक दिवस राहिले तर बिघडते. साधी बशी असेल आणि वर सांगितलेली काळजी घ्यायची तयारी असेल तर घरी जोडा. मूर्ती, हस्तिदंत, रंगवलेले लाकूड, पोथी यांना मात्र स्वतः हात लावू नका.

आणि देवस्थानच्या समित्यांना, आमच्या सरकारी खात्यांनासुद्धा, एका कारकुनाची सूचना. पुढच्या निविदेत तीन कलमे घाला. एक, लावलेले प्रत्येक द्रव्य पुढे काढता आले पाहिजे. ते शक्य नसेल तर का शक्य नाही याचे लेखी कारण द्यावे. दोन, काय लावले, किती टक्के, कोणत्या तारखेला, कोणी, याची फोटोंसह नोंदवही देवस्थानात राहावी आणि ती दिल्याशिवाय शेवटचे बिल मंजूर होऊ नये. तीन, काम करणाऱ्याला वाफेचा मुखवटा, मोजे आणि खेळती हवा कंत्राटदाराने द्यावी, आणि काम चालू असताना दिवे बाहेर असावेत. देव तेवढा वेळ अंधारात बसायला तयार आहे, त्याला विचारायची गरज नाही.

याला खर्च येतो तो कागदाचा. आणि कागद कसा तयार करायचा ते आम्हा कारकुनांना चांगले येते. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो, फुकट.